हाताला लागू नये असा पैसा

"ताई, महिन्याकाठी थोडे तरी पैसे मागे पडावेत म्हणून काय करावं?" पोस्टाच्या आरडीची एजंट म्हणून जळगावच्या गल्ल्यांत फिरताना हाच प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. माझं उत्तर ठरलेलं: पैसा हाताला लागणार नाही अशा जागी टाका. लोकांना वाटतं, ही आपल्या कमिशनचं बोलते. पण हे उत्तर माझं नाही आणि पोस्टाचंही नाही. खानदेशातल्या घरांनी ते कितीतरी पिढ्या वापरलंय, कुलपं तेवढी बदलत गेली. जुनी माणसं आपल्यापेक्षा मनाने घट्ट होती म्हणून त्यांच्याकडे पैसा राहिला, हे मला पटत नाही. त्यांनाही आखाजीला नवं लुगडं हवं असे, पोळ्याला बैलांना नवी झूल हवी असे. त्यांनी एवढंच केलं, की घरातला पैसा आणि घरातला हात यांच्यामधली वाट लांब ठेवली. ती वाट कशी लांब झाली, कुठे बंदच पडली आणि आता कशी बोटभर उरली, ते सांगते.

माझं माहेर धुळ्याचं. वडील कापसाच्या आडतीवर दिवाणजी होते. रोज रात्री रोजमेळ लिहून जमा-नावे जुळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. आडतीवरची ही सवय त्यांनी घरात आणली आणि घरखर्चाचीही एक लाल बांधणीची वही घातली. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून गोळा केलेले कागद तिथे जपलेले आहेत. त्या इमारतीवरून जाताना वडील म्हणायचे, "राज्यांचे कागद राहिले. घरांच्या वह्या मात्र वाण्याकडे गेल्या, पुड्या बांधायला." म्हणून बचतीचा इतिहास शोधायचा तर तो सासवांच्या बोलण्यात, सराफाच्या तराजूत आणि सरकारच्या कायद्यांत मिळून शोधावा लागतो. तिन्ही ठिकाणी तो वेगवेगळा सांगितला जातो.

सगळ्यांत जुनं कुलूप धान्याचं. माझं सासर यावल तालुक्यातलं. तिथे आजेसासऱ्यांच्या काळापर्यंत गावठाणातल्या कोरड्या, पांढऱ्या मातीत पेव असे. खोल खड्डा खणायचा, आतून कडब्याचं अस्तर द्यायचं, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. पेव उघडणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. लिंपण फोडावं लागे, आत कोंडलेली विषारी हवा निघून जायला वेळ द्यावा लागे, मग कमरेला दोर बांधून माणूस आत उतरे. घाईने उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या गोष्टी पेवांच्या गावांत सांगितल्या जातात. त्यामुळे पाहुणे आले, सणाला चार पायली जास्त लागल्या, म्हणून कोणी पेव फोडत नसे. त्यासाठी घरातल्या कणग्या होत्या. पेव फुटायचं ते पाऊस दगा देई तेव्हा किंवा घरात लग्न निघे तेव्हा, आणि तेही चारचौघांच्या देखत. रोजच्या खर्चाचं आणि अडीअडचणीचं धान्य इतकं स्पष्ट वेगळं केलेलं असे.

दुसरं म्हणजे ठरलेला दिवस. खानदेशात शेतावरच्या सालदाराचं वर्ष अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. त्या दिवशी हिशोब होतो, उचल किती घेतली आणि बाकी किती राहिली ते ठरतं, नवा सौदा होतो. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच गडबडीत ओसरीवर घराचं वर्ष मोजलं जातं. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या वहीपूजनाला उलटतं. शेतकरी, सालदार, व्यापारी अशा प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी शिल्लक बघावीच लागे. पगारदार माणसाच्या आयुष्यात असा दिवस नाही. महिना संपतो, दुसरा लागतो आणि वर्षाची बेरीज कधी होतच नाही.

मग रोख पैसा आला, आणि तो एकदम आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो त्यांनी मुंबईमार्गे हिंदुस्थानातून उचलला. खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कोणी कधी पाहिला नव्हता असा भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव-भुसावळकडे पोचली आणि जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. मुंबईत बॅकबे भरावाच्या कंपनीचे शेअर कवडीमोल झाले, मोठमोठ्या पेढ्या बसल्या. इकडे शेतकऱ्याने ज्या पैशाची चांदी करून बायकोच्या पायात तोडे आणि स्वतःच्या कमरेला करदोडा घातला, तो पैसा राहिला. उरलेला लग्नांत, बैलजोड्यांत आणि नव्या कर्जांत गेला. तेजीतली बचत व्हायची असेल तर ती तेजी असतानाच, आठवड्याभरात, सोनाराकडे जायला हवी, हे खानदेश तिथे शिकला. जळगावच्या सराफ बाजारातली राजमल लखीचंद ही पेढी आपली सुरुवात १८५४ ची सांगते, म्हणजे या तेजीच्या थोडी आधीची. हे गाव पुढे सुवर्णनगरी म्हणवू लागलं ते काही इथल्या जमिनीत सोनं सापडलं म्हणून नाही. कापसाचा पैसा थांबायला जागा शोधत होता.

चांदीच्या रुपयाचं एक वैशिष्ट्य आता विसरलं गेलंय. त्याचं वजन बरोबर एक तोळा होतं, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. सोनार तराजूच्या एका पारड्यात रुपये ठेवून दुसऱ्यात दागिना तोलत असे. पैसा आणि दागिना यांच्यात फरक एवढाच, की दागिना बाजारात नेण्याआधी अंगावरून उतरवावा लागे आणि तो उतरवताना घरात बोलणं होई. बायकोच्या पायातले तोडे गुपचूप विकता येत नाहीत. मला विचाराल तर दागिन्याची खरी ताकद इथे होती. तो घरातला सगळ्यांत उघड्यावरचा पैसा होता, आणि म्हणूनच सर्वांत सुरक्षित.

पण कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असली तर काय होतं, तेही चांदीनेच दाखवलं. जून १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन तिचे रुपये पाडून देणं टाकसाळींत बंद केलं. त्याआधी चांदी आणि रुपया साधारण एकाच मोलाचे होते. त्यानंतर रुपया सरकारी शिक्क्यावर टिकला आणि चांदीचा भाव घसरत गेला. सहा वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, संवत १९५६ चा दुष्काळ पडला. लोकांच्या तोंडी तो 'छपन्या' म्हणून राहिला. खानदेश त्यात होरपळला. वजनाला शंभर रुपये भरणारे तोडे घेऊन शेतकरी बाजारात गेला, तर हातात शंभर रुपये येईनात. त्याने बचत केली होती, वर्षानुवर्षं तिला हातही लावला नव्हता, आणि तरी ती ऐन गरजेला उणी पडली. यात त्याचा दोष नव्हता. निर्णय कलकत्त्याला आणि लंडनला झाला होता.

पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली १ एप्रिल १८८२ रोजी. कायद्याने ती सगळ्यांसाठी होती. प्रत्यक्षात सुरुवातीला ती शिक्षक, कारकून, शिपाई, रेल्वेतली माणसं यांची झाली. पगाराला ठरलेली तारीख आहे, लिहितावाचता येतं, कचेरीत पाऊल टाकायला भीती वाटत नाही, अशांची. शेतकऱ्याला पोस्टाचं पुस्तक म्हणजे सरकारला आपली शिल्लक दाखवणं वाटे, आणि शिल्लक दिसली की सारा वाढेल ही धास्ती. गिरणीकामगार मध्ये होता. जळगावात खानदेश मिल १८७० च्या दशकात निघाली. पुढे अमळनेरला आणि धुळ्याला प्रताप शेठजींच्या गिरण्या आल्या. पगाराच्या संध्याकाळी पोस्ट बंद आणि बाजार उघडा, हे गणित तेव्हाही होतं.

१९३१ ची गोष्ट मी माझ्या आजेसासूबाईंकडून ऐकली, आणि तिचं कारण मला फार नंतर वाचनातून कळलं. त्यांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. जागतिक मंदीत कापसाचा भाव पडला, पण शेतसारा रोख आणि तेवढाच राहिला, सावकाराचं व्याजही तेवढंच. १९२७ च्या चलन कायद्यात सरकारने शुद्ध सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा धरला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला बांधलेला होता. त्यामुळे रुपयांतला सोन्याचा भाव चढत गेला आणि पुढच्या काही वर्षांत तोळ्याला तिशी ओलांडून गेला. एका बाजूला घरात रोकड नाही, दुसऱ्या बाजूला सराफ चढा भाव देतोय. गावोगावचं सोनं तालुक्याच्या सराफाकडे, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटींनी लंडनला गेलं. शतकानुशतकं सोनं आत ओढणारा देश त्या वर्षांत सोनं बाहेर पाठवणारा झाला. आजेसासूबाई एवढंच सांगत: "माळ गेली, पण शेत राहिलं." मंदीतली ही बचत फुकट गेली असं काही अर्थशास्त्री म्हणतील, कारण सोनं देशाबाहेर गेलं. घराच्या हिशोबात मात्र तिने आपलं काम चोख केलं. ती ज्या दिवसासाठी ठेवली होती, तो दिवस आला आणि ती खर्ची पडली.

दहा वर्षांनी चांदीचं पारडं उलटं फिरलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि जुने रुपये परत मागवायला सुरुवात केली. ३१ मार्च १९४१ नंतर राणीछाप रुपया व्यवहारात चालेनासा झाला. ज्यांनी तो मुकाट्याने जमा केला त्यांना नवा हलका रुपया मिळाला. ज्या म्हाताऱ्यांनी तो उतरंडीच्या तळातल्या गाडग्यात राहू दिला, त्यांच्या नातवंडांना पुढे चांदीचा भाव मिळाला. माझ्या सासूबाईंच्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात असले रुपये अजून निघतात. आळसानेही कधी कधी बचत होते, याचा हा पुरावा.

सोन्यावर खरा घाला स्वातंत्र्यानंतर आला. १९६२ च्या चीन युद्धात बायकांनी संरक्षण निधीला अंगावरचे दागिने उतरवून दिले. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या, अनेकांनी जीव दिला. चौदा कॅरटची अट पुढे मागे घेतली गेली. नियंत्रण मात्र १९६८ च्या कायद्याने कायम राहिलं, ते थेट १९९० मध्ये उठलं. लोकांनी सोनं घ्यायचं सोडावं आणि पैसा बँकेत, रोख्यांत ठेवावा, ही त्यामागची सरकारची इच्छा. जळगावने काय केलं? मोड द्यायची, त्यातून दागिना घडवायचा, ओळखीच्या सराफाकडे जायचं आणि पावतीपेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. नियंत्रणाच्या त्या सत्तावीस वर्षांत इथल्या बाजाराला शुद्धतेच्या नावाचं महत्त्व कळलं. म्हणूनच आज नाशिकचं, बुलढाण्याचं, मध्य प्रदेशातलं गिऱ्हाईक लग्नाचं सोनं घ्यायला जळगावची वाट धरतं.

त्याच १९६३ मध्ये जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या एका शेतकरी घराने बचतीचं दुसरं टोक दाखवलं. भवरलाल जैन यांनी घरातली साठवण, तीन पिढ्यांनी मिळून मागे टाकलेले सात हजार रुपये, घेतले आणि रॉकेलचा व्यापार सुरू केला. त्यातूनच पुढे जैन इरिगेशन उभी राहिली. लोक ही गोष्ट उद्योजकाची म्हणून सांगतात. मला तिच्यात ते सात हजार महत्त्वाचे वाटतात. तीन पिढ्यांत शेतावर दुष्काळ पडले असतील, लग्नं झाली असतील, आजारपणं आली असतील. तरी ती रक्कम फुटली नाही, आणि ज्या दिवशी फुटली त्या दिवशी पूर्ण फुटली. बारीक बारीक कारणांसाठी ती उचलली असती तर सातशेही उरले नसते.

१९७२ हे वर्ष मला एखाद्या चौकासारखं वाटतं. तीन रस्ते तिथे मिळाले. पहिला दुष्काळ. रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर बायकांच्या हातात प्रथमच स्वतःच्या नावाची मजुरी आली. दुसरा कापूस एकाधिकार खरेदी योजना. खाजगी व्यापार थांबला, कापूस सरकारी केंद्रावर जाऊ लागला, माझ्या वडिलांची आडत भुसार मालाकडे वळली. शेतकऱ्याला पैसे एकदम न मिळता हप्त्याहप्त्याने मिळू लागले. चुकाऱ्याच्या उशिराबद्दल सगळे ओरडत, आणि ओरडणं योग्यच होतं. पण दुसरा-तिसरा हप्ता हाती यायचा तेव्हा लग्नसराई उरकलेली असायची, आणि त्या हप्त्यातून विहिरीला मोटार बसल्याचं मी पाहिलेलं आहे. तिसरा रस्ता माझा. १ एप्रिल १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली. बायकांनीच एजंट व्हायचं, घरोघरी जाऊन पाच वर्षांच्या आरडीचे हप्ते गोळा करायचे, पोस्टात भरायचे आणि चार टक्के कमिशन घ्यायचं. ऐंशीच्या दशकात मी त्यात शिरले तेव्हा दहा रुपयांचंही खातं निघत असे.

या कामात मला जे कळलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. गिऱ्हाइकाला व्याजाची टक्केवारी सांगायची गरज क्वचितच पडते. बाईला हवं असतं ते एवढंच, की ठरलेल्या दिवशी कोणीतरी दारात यावं. "तू आली नही तं पैसा राहात नही मह्याजवळ," असं पिंप्राळ्यातल्या एका भाजीवालीने मला सुनावलं होतं, मी आजारपणामुळे उशिरा गेले तेव्हा. दुसरं म्हणजे हंगाम. पगारदाराचा महिना एकसारखा असतो, कापूसवाल्याचा नसतो. त्याच्याकडे पैसा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, आणि आषाढ-श्रावणात नुसता खर्च. अशा घरांना मी मार्गशीर्षातच सहा हप्ते एकदम भरायला लावत असे. पोस्ट त्यावर सूटही देई, शंभराच्या खात्याला सहा महिन्यांचे दहा रुपये. दर महिन्याला थोडं थोडं हा उपदेश शेतीच्या घरात चालत नाही. तिथे पैसा येतो त्या आठवड्यात बाजूला काढावा लागतो, १८६५ चा धडा तोच होता.

बायकांची स्वतःची सोय वेगळीच होती: भिशी. दहा-बाराजणींनी दर महिन्याला सारखे पैसे टाकायचे, चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. कागद नाही, व्याज नाही, तारण नाही. तिचं कुलूप म्हणजे शेजारणीची नजर. हप्ता चुकवणं म्हणजे पाणी भरायला जाताना मान खाली घालणं. मिक्सर, शिलाई मशीन, मुलीची शाळेची फी हे सगळं कित्येक घरांत भिशीतून आलं. नवऱ्याला रक्कम कळायची ती वस्तू घरात आल्यावर.

दारात येऊन पैसा नेण्याची कल्पना बँकांमध्ये खानदेशाच्या आधी दक्षिणेत रुजली. उडुपीत टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, १९२८ मध्ये 'पिग्मी' ठेव सुरू केली, रोज दोन-दोन आण्यांची. जळगाव-धुळ्यात ही पिग्मी पतसंस्थांच्या हातांनी घराघरांत, हातगाड्यांपर्यंत पोचली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पतसंस्था इतक्या निघाल्या की एकेका चौकात दोन-दोन पाट्या. त्यांनी चहावाल्याला, चांभाराला, केळी भरणाऱ्या हमालाला बचतीची सवय लावली, हे नाकारून चालणार नाही. बँकेने त्यांना दारातही उभं केलं नव्हतं. पण संचालक आपल्याच सोयऱ्यांना कर्ज देत सुटले, हिशोब तपासणारे डोळेझाक करत राहिले, आणि जिल्ह्यातल्या एकामागून एक पतसंस्था अडकत गेल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बीएचआर. तिच्या शाखा अनेक राज्यांत होत्या, आणि २०१५ मध्ये तिच्या संचालकांना अटक होऊन संस्थेवर अवसायक आला. म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा मागायला लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले. बँकेतल्या ठेवीला आज पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, एवढी एक ओळ कोणी वेळेवर सांगितली असती तर पुष्कळ घरं वाचली असती. छपन्यात जे चांदीचं झालं, तेच इथे कागदी पावतीचं झालं. वाट लांब असणं चांगलं, पण ती मधूनच कोणी तोडली तर बचत करणाराच सर्वांत आधी बुडतो.

बचत गटांनी भिशी आणि पतसंस्था या दोन्हींचा मध्य काढला. १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने तो गावोगाव नेला. दहा ते वीस बायका, ठरलेल्या दिवशी बैठक, प्रत्येकीने सारखी बचत, त्यातूनच आपसांत कर्ज, आणि सगळ्यांसमोर लिहिलेली वही. दरमहा दोन टक्के व्याज ऐकायला सावकारी वाटतं, पण ते गटातच राहतं आणि वर्षाअखेरीस वाटलं जातं. माझ्या वडिलांचा रोजमेळ आणि शेजारणींची भिशी यांचं लग्न लावल्यासारखं मला ते वाटतं. वही उघडी, पैसा बंद.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देवघराच्या खालच्या फळीतून पैसे बाहेर आले. नवऱ्याच्या डोळ्यांआड जपलेली रक्कम त्याच्यासमोरच बँकेत भरावी लागली. काही घरांत त्यावरून हसणं झालं, काही घरांत तसं झालं नाही. त्या दिवसापासून बायकांची घरातली गुप्त शिल्लक कमी झाली, असं माझं निरीक्षण आहे. जनधन खात्यांत पैसा आला खरा, पण खात्याचं कार्ड बहुधा मुलाच्या खिशात.

आणि आता फोन. फुले मार्केटपासून खेड्यातल्या आठवडी बाजारापर्यंत प्रत्येक गाडीवर क्यूआरची पाटी आहे. सुट्ट्याची कटकट गेली, चोरीची भीती गेली, हे उत्तमच झालं. पण विकणाऱ्या बाईच्या हाताला दिवसभरात नोट लागत नाही. पैसा मुलाच्या खात्यात पडतो आणि तिथून रात्री नऊ वाजता नव्या बुटांवर जातो. पेव फोडायला चार माणसं लागत, तोडे विकायला बाजाराचा दिवस लागे, आरडी मोडायला पोस्टात सही लागे. आता अंगठ्याचा एक दाब पुरतो आणि घरात कोणाला कळतही नाही.

माझ्या गिऱ्हाइकांत यावर एक तोड निघाली, आणि ती माझी नाही, त्यांचीच. बोहनीचे पैसे लगेच खर्चायचे नाहीत, ही समजूत बाजारात जुनी आहे. दोघी-तिघींनी ठरवलं, बोहनी फक्त रोखीत घ्यायची, पाटीवर नाही. तो पैसा गल्ल्यात न टाकता वेगळ्या पिशवीत टाकायचा आणि महिनाअखेरीला मला द्यायचा. मुलाला ठाऊक असतं, पण बोहनीला हात लावायचं धाडस तो करत नाही. जुन्या समजुतीचं कुलूप नव्या यंत्राला लागलं.

तेव्हा कोणी विचारलं तर मी आता व्याजदरांचा तक्ता काढत नाही. तीन गोष्टी विचारते. पैसा तुमच्याकडे कोणत्या आठवड्यात येतो? तो ठेवाल तिथली वही तुम्हाला उघडून बघता येते का? आणि तो मधेच काढायचा झाला तर तुम्हाला कोणाला तोंड द्यावं लागेल: बायकोला, सासूला, गटातल्या बायकांना, की कोणालाच नाही? तिसऱ्याचं उत्तर 'कोणालाच नाही' असं असेल, तर टक्का कितीही मोठा असो, तो पैसा दिवाळीपर्यंत राहत नाही.